चोवीसवर ठाम

९ मार्च, सोमवार

अखेर खोली मिळाली, आणि तीही पंचवटीत! वरचा मजला, बाहेरून जिना, स्वतंत्र मोरी. कालच्या रंगपंचमीने गल्ली अजून हिरवी-गुलाबी आहे. रंगाने भरलेल्या रहाडीत, म्हणजे जुन्या दगडी हौदात, उड्या मारून आलेली मंडळी आज दोनदा आंघोळ करूनही पिवळीच दिसतात, आणि त्याचा त्यांना अभिमानही आहे. मला हे गाव आवडणार.

खाली घरमालक राहतात, सावळीराम तात्या आणि कुसामावशी. तात्यांनी उभा जन्म मिरचीच्या गाळ्यात काढला, त्या धुळीने छाती पार खाऊन टाकली. आता ते पलंगावर असतात, तोंडावर मास्क, उशाशी श्वासाचं यंत्र. बोलायचं झालं की मास्क बाजूला करतात, दोन शब्द बोलतात, पुन्हा लावतात. त्या दोन शब्दांतही चेष्टाच असते. मी जळगावची म्हटल्यावर मास्क काढून विचारलं, भरताची वांगी आणली का नुसतीच आलीस? मावशींनी तेवढ्यात माझं वय, शिक्षण, लग्न नाही हे आणि का नाही हेसुद्धा काढून घेतलं. अशा चौकशा मला अजिबात खपत नाहीत. पण हातात गरम थालीपीठ दिलं होतं, म्हणून खपल्या.

उद्यापासून अंबडच्या कारखान्यात रुजू.

१२ मार्च, गुरुवार

कारखाना म्हणजे एक मोठं पत्र्याचं शेड. शेखर सर मालक, तेच इंजिनियर, तेच चहा सांगणारे. आम्ही बूस्ट कन्व्हर्टर बनवतो. कमी व्होल्ट आत घ्यायचे, जास्त व्होल्ट बाहेर द्यायचे, आणि बाहेरचा माणूस कमी ओढो की जास्त, दिलेले व्होल्ट हलू द्यायचे नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. सगळी कला त्या न हलण्यात आहे.

सरांचा एक नेम आहे. तयार झालेल्या नगाला बल्ब लावून बघायचं ते बघायचंच, पण नंतर झटकाही द्यायचा. लोड, म्हणजे वीज ओढणारी वस्तू, एकदम जोडायची, एकदम तोडायची, आणि स्क्रीनवर बघायचं की व्होल्ट किती दचकतात आणि किती लवकर सावरतात. झटका दिल्याशिवाय एकही नग शेडबाहेर जात नाही. मला हा जरा सोवळ्याओवळ्यासारखा प्रकार वाटला, पण नवीन आहे, गप्प बसले.

घरी आले तर वीज गेलेली. कुंभाच्या तयारीसाठी गल्ली खणून ठेवली आहे, केबल टाकतायत, रोज दुपारपासून वीज बंद. यंत्राची स्वतःची बॅटरी म्हातारी झालीय, थोड्याच वेळात मान टाकते. मग मावशी पुठ्ठ्याने वारा घालत बसतात आणि तात्यांचे ओठ निळसर पडतात. मला बघवेना. मी म्हटलं, हे यंत्र चोवीस व्होल्टवर चालतं, साध्या गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर मी चालवून दाखवते. रिक्षावाल्याने विमान चालवतो म्हटल्यावर त्याच्याकडे बघावं, तसं तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

१५ मार्च, रविवार

पेटी तयार! पुढे दोन आकडे झळकतात. वर आउटपुटचे व्होल्ट, खाली बॅटरीतून ओढला जाणारा करंट. दुसरा आकडा गरजेचा नव्हता, हौसेने लावला.

तात्यांना हापशाचं उदाहरण देऊन समजावलं. दांडा वर नेला की पाणी आत भरतं, तेव्हा बाहेर धार नसते. दांडा खाली दाबला की धार. आतली कॉइल तेच करते, सेकंदाला हजारो वेळा. जास्त पाणी हवं असेल तर दांडा आणखी वर न्यायचा, म्हणजे तेवढा वेळ धार आणखीच थांबते. जास्त द्यायच्या आधी ही पेटी क्षणभर कमी देते. तेवढ्यात कोरड पडू नये म्हणून बाहेर एक छोटी टाकी, तिला कपॅसिटर म्हणतात. आणि एक चिप सारखी लक्ष ठेवून असते, चोवीसचे पावणेचोवीस झाले की लगेच दांडा वाढवते.

तात्यांनी मास्क काढला. "आन् पाणी कुठून येतं?"

मी म्हटलं, बॅटरीतून. बाहेर जितकं जास्त जाईल तितकं आतून जास्त ओढलं जाणार, फुकट काही नाही.

दुपारी वीज गेली आणि यंत्र चालूच राहिलं. तात्यांनी श्वास घेतला की खालचा आकडा वर चढतो, सोडला की उतरतो. वरचा चोवीसवर ठाम. मावशींनी माझ्या आणि पेटीच्या, दोघींच्या डोक्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. मला रडूच आलं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

सणाच्या दिवशी कटकट. पेटी शीळ घालते. तात्यांनी श्वास सोडला की लोड एकदम उतरतो, चिप गोंधळते, आणि कॉइल बारीक शीळ घालते. त्यात धोका काही नाही. पण मावशींना चैन पडेना. दिवेलागणीला घरात शीळ वाजू द्यायची नाही, शिळेने नको ते घरात येतं, वर तिथे आजारी माणूस. तात्या म्हणाले, येऊ दे की, पत्ते खेळायला चौथा गडी पाहिजेच हाय. मावशी हसल्या नाहीत. पुरण वाढतानाही त्यांचे कान पेटीकडेच होते.

मी चिडले, खरं सांगायचं तर. एवढी पेटी केली, आणि कौतुक सोडून शिळेचं काय घेऊन बसल्यात.

२१ मार्च, शनिवार

शीळ बंद! बाहेरची टाकी तशीच ठेवली, पण चिपला खबर जाते त्या वाटेवर होता त्याहून मोठा कपॅसिटर टाकला. आता ती दर श्वासाला उड्या मारत नाही, जरा सुस्तपणे काम करते. बल्ब लावून बघितला, चोवीसवर ठाम. झटका द्यायला पेटी अंबडला न्यावी लागली असती, म्हणजे सोमवारपर्यंत तात्या पेटीविना. शिवाय मावशी जेवायला हाका मारत होत्या आणि मला कडकडून भूक लागली होती. बल्बवर पास झाली म्हणजे झाली.

मावशींनी आज माझी वेणी घालून दिली. आईची आठवण आली.

३० मार्च, सोमवार

तात्या गेले. काल.

लिहायचंय, पण कुठून सुरू करू? काल रथ होता. रामरथ आणि गरुडरथ, सगळी पंचवटी रस्त्यावर. रथाच्या वाटेवर तारा आडव्या येतात म्हणून दुपारपासून वीज बंद होती. मावशी दरवर्षी कोपऱ्यावर जाऊन रथाची दोरी शिवून येतात. काल त्या नको म्हणत होत्या, यांना एकटं टाकून कशी जाऊ? मी म्हटलं, मावशी, पेटी माझ्या हातची आहे, निर्धास्त चला. तात्यांनीही हातानेच जा जा केलं. मी मावशींना दंडाला धरून नेलं. गर्दीत वेळ लागला. मावशींनी दोरी डोळ्यांना लावली तेव्हा लहान पोरीसारख्या दिसत होत्या.

परत आलो तर यंत्र काळंठिक्कर. मास्क तोंडावर तसाच. पेटीवरचा आकडा लखलखीत, चोवीस.

२ एप्रिल, गुरुवार

तात्यांचा मुलगा दीपक पुण्याहून आला आहे. यंत्र पुरवणाऱ्याकडचा माणूस बघून गेला. त्याने सांगितलं की यंत्रात दोष नाही. व्होल्ट क्षणभर जरी फार पडले तरी ते बंद होतं, आणि मग कुणीतरी बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. पेटी तर नीट चालू होती, त्यामुळे यंत्र कशाने बंद पडलं ते सांगता येत नाही. कुणी जवळ असतं, बटण दाबलं असतं, तर निभावलं असतं.

दीपकने आईकडे बघितलं. बाबांना मरायला सोडून तू रथ बघायला गेलीस, असं म्हणाला. मी त्यांना ओढून नेलं हेसुद्धा मावशींनी सांगितलं नाही.

मी तिथेच उभी होते, चहाचा ट्रे हातात घेऊन.

३ एप्रिल, शुक्रवार

पेटी कारखान्यात नेली. सगळे जेवायला गेल्यावर झटका दिला. लोड जोडल्याबरोबर व्होल्ट चोवीसवरून अठरावर कोसळले, आणि मग सावकाश, आळोखेपिळोखे देत वर आले. यंत्र एकविसालाच बंद होतं.

तात्यांना खोकल्याची उबळ आली असणार. उबळीत माणूस जोराने श्वास ओढतो, यंत्र एकदम जास्त मागतं, पेटी आधी कमी देते, आणि मग चिपने धावून यायचं असतं. ती धावली नाही, कारण मी तिला सुस्त केलं होतं. शिळेसाठी, आणि जेवणासाठी.

हे मावशींना सांगायला एक वाक्य पुरेल. आज संध्याकाळी ठरवूनच खाली गेले. त्या रिकाम्या पलंगाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, थोडा भात खाऊन घ्या. एवढंच म्हटलं. माझ्यासारखी हलकट मीच.

५ एप्रिल, रविवार

एक विचित्र गोष्ट. पेटी माझ्या टेबलावर आहे. जुना लहान कपॅसिटर परत बसवला आणि तपासायला बॅटरी जोडली. आउटपुटला काहीही जोडलेलं नाही, दोन तारा नुसत्या मोकळ्या लोंबतायत. तरी खालचा आकडा चढतो, उतरतो, थांबतो, पुन्हा चढतो.

मीटर बिघडला असेल. नवीन लावला. तोही चढतो, उतरतो.

गळती असेल कुठेतरी. उद्या सगळं उकलून बघते. भर दुपार आहे, खाली गल्लीत मशीनने खणतायत, घाबरण्यासारखं यात काही नाही.

६ एप्रिल, सोमवार

सगळे जोड तपासले, गळती नाही. आज आकड्याने तीनदा उसळी घेतली. दोन लहान, एक लांब. मग हळूहळू शांत झाला.

तो खोकला मला ओळखू येतो. तीन आठवडे जिना चढता-उतरता ऐकलाय.

कामावर गेले नाही.

७ एप्रिल, मंगळवार

पेटी फेकून द्यायची म्हणून खाली घेऊन निघाले. दारात मावशी. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली. म्हणाल्या, "हिनं दगा नाय दिला गं, पोरी. मी दिला."

आता सांग, आता तरी सांग, असं मनात ओरडत होते. मावशींच्या हातातल्या पेटीचा खालचा आकडा चढला. चढला तो उतरेचना.

बॅटरी वर माझ्या खोलीत होती. पेटीला काहीच जोडलेलं नव्हतं, ना आत, ना बाहेर. तरी वर चोवीस. ठाम.

मी ती हिसकावून घेतली आणि वर पळाले. मावशी बघतच राहिल्या.

८ एप्रिल

बॅटरीशिवाय चालते. विझत नाही. तारा तोडायला पक्कड घेतली, तर आकडा इतका केविलवाणा धडपडायला लागला की हात आवरला. एकदा तर झालंच आहे माझ्या हातून. पुन्हा तेच करू?

मी नीट विचार केला. मला हेच तर शिकवलंय. बाहेर कुणीतरी ओढतंय. व्होल्ट हलत नाहीत. म्हणजे आतून कुणीतरी पुरवतंय.

आकडा चढला की माझी छाती आवळते. मनगटावर बोट ठेवून ताडून बघितलं. तो चढतो, मला धाप लागते. तो उतरतो, मला सुटल्यासारखं होतं. तात्यांनी विचारलं होतं, पाणी कुठून येतं. पेटीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. ती फक्त ओढते.

१० एप्रिल

तात्यांचा तेरावा. दीपकने चार नातेवाइकांसमोर पुन्हा तेच काढलं. आईला पुण्याला नेणार नाही म्हणाला. तिच्या हातचं पाणीही नको, म्हणाला. बायका मावशींकडे बघेनात. मावशी मान खाली घालून पत्रावळी उचलत राहिल्या.

मी उठले. तोंड उघडलं. "ऐका" एवढंच निघालं. वर खोलीत पेटी, पण इथे छातीत कळलं, चढला. शब्दाला श्वास लागतो, आणि श्वास तिकडे निघून गेला. मी खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आवरेना. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

जितके दिवस गप्प राहिले तितका लोड वाढलाय. आता बोलायचंय तर —

११ एप्रिल

जिना उतरवत नाही. चार पायऱ्या आणि बसते. घरी बघायला आलेले डॉक्टर म्हणाले छाती स्वच्छ आहे, मनाचं असेल.

आईला फोन केला. हॅलो म्हटलं आणि पुढचं —

तिने खूप वेळ हॅलो हॅलो केलं.

१२

चिठ्ठी लिहीन. मावशींना वाचता येतं, सावकाश, बोट ठेवून. चिठ्ठीला कुठे श्वास लागतो.

पेन धरलं की आकडा —

झोपले. पुन्हा लिहीन.

१३

मावशी वर आल्या. हाक मारली, ओ आली नाही म्हणून. माझे ओठ बघून किंचाळल्या. मला पाठीवर टाकून खाली आणलं, एवढीशी बाई. तात्यांच्या पलंगावर ठेवलं. दीपकला फोन केला, त्याने उचलला नाही. शेजारचे रिक्षा आणायला गेलेत. गल्ली खणलेली, रिक्षा आत येत नाही —

वीज नाही.

मावशी पुन्हा वर गेल्या. पेटी घेऊन आल्या. नको म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं, मास्कला भिते. घाबरू नको पोरी म्हणाल्या. तात्यांचं यंत्र अजून उशाशीच आहे, त्याला पेटी जोडली. बॅटरी वरच राहिली. त्यांना काय कळणार. यंत्र सुरू झालं.

माझ्यातून काढते. मला देते. आणि मधे आणखी कुणीतरी —

आकड्यात दोन श्वास आहेत. एक माझा. एक मागून येतो.

मावशींनी बटणावर बोट ठेवलंय. या वेळी उठायची नाय म्हणतात. दोरी शिवायला नाय, देव आला तरी नाय. डोळ्यांतून पाणी चाललंय, बोट हलत नाही. यांना कळलंच पाहिजे. मी गेले तर हेही त्या स्वतःवरच घेतील. दोन दोन मरणं. वही वर माझ्या उशाशी होती, ती त्यांनी पेटीबरोबर आणली होती, हातात दिली. बोलू नको, लिही म्हणाल्या.

मोठ्या अक्षरात लिहिते.

मावशी, रथाच्या दिवशीची चूक

वाचतायत. बोट ठेवून. मान हलवली. म्हणाल्या, व्हय पोरी, माझीच.

नाही मावशी ती